विल्यम्सबर्गच्या तुरुंगाची साक्ष

४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेचा २५० वा वर्धापनदिन. या निमित्ताने ज्या ऐतिहासिक स्थळांचा गौरव होतो, त्यांत व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग हे छोटे शहर अग्रभागी आहे. १६९९ पासून १७८० पर्यंत ही व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होती. येथल्या विधिमंडळात वॉशिंग्टन आणि जेफर्सन बसले, पॅट्रिक हेन्री गरजला. १७७६ च्या मे महिन्यात स्वातंत्र्याची मागणी करणारा व्हर्जिनियाचा ठराव येथेच संमत झाला आणि पुढच्याच महिन्यात, सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत असे सांगणारा हक्कांचा जाहीरनामाही येथेच मंजूर झाला. आज या शहराचा सुमारे ३०१ एकरांचा जुना भाग अठराव्या शतकात होता तसा राखून ठेवण्यात आला आहे. अठ्ठ्याऐंशी मूळ इमारती दुरुस्त केल्या आहेत, उरलेल्या पुन्हा उभारल्या आहेत. लोहार, छापखानेवाले, विणकर त्या काळचा पोशाख घालून त्या काळचे काम करून दाखवितात. विधिमंडळाच्या इमारतीच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर विटांची एक बुटकी, जाड भिंतींची इमारत आहे. तो वसाहतीचा सार्वजनिक तुरुंग. प्रवासी तेथे येतात, बेड्या पाहतात, कोठडीत डोकावतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र या तुरुंगापाशी काही वेळ थांबणे अगत्याचे वाटते.

कोणत्याही राज्याची घोषित तत्त्वे त्याच्या सभागृहांत सापडतात. त्या तत्त्वांची मर्यादा त्याच्या तुरुंगात सापडते. स्वातंत्र्य कोणासाठी होते आणि कोणासाठी नव्हते, याची नोंद जाहीरनाम्याच्या कागदावर होत नाही. ती कोठडीच्या दारावर होते. विल्यम्सबर्गचे हे दार ३०० वर्षांहून अधिक काळ जुने आहे. एवढ्या काळात त्याच्या आत कोण गेले, कोणाच्या आज्ञेने गेले आणि पुढे या दाराचे जतन कोणी, कोणत्या हेतूने केले, हे पाहिले म्हणजे अमेरिकेविषयी बरेच कळते, आणि आपल्याविषयीही.

प्रतीक्षेचे घर

१६९८ मध्ये जेम्सटाउन येथील सरकारी इमारत जळाली, तेव्हा राजधानी विल्यम्सबर्गला हलविण्याचा निर्णय झाला. नव्या राजधानीत तुरुंग बांधण्याचा कायदा विधिमंडळाने १७०१ मध्ये केला आणि १७०४ मध्ये इमारत पुरी झाली. आरंभी तिच्यात मोजक्याच कोठड्या होत्या. १७११ मध्ये ऋणकोंसाठी स्वतंत्र जागा वाढविण्यात आली, १७२२ मध्ये तुरुंगरक्षकाच्या निवासाची सोय झाली. पुढे १७७० च्या दशकात हे रक्षकाचे काम पीटर पेलहॅम नावाचे गृहस्थ पाहत असत. ते गावातील ब्रूटन पॅरिश चर्चचे ऑर्गनवादकही होते. चर्चमधील संगीत आणि कोठडीच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती असण्यात त्या समाजाला काहीही विसंगत वाटत नव्हते.

या तुरुंगाचे खरे स्वरूप समजून घेतले पाहिजे. आज तुरुंगवास ही शिक्षा आहे. त्या काळी व्हर्जिनियात ती बहुधा शिक्षा नव्हतीच. शिक्षा म्हणजे दंड, फटके, जाहीर विटंबना, अंगठ्यावर डाग अथवा फाशी. तुरुंग ही या शिक्षेची वाट पाहण्याची जागा होती. स्वतंत्र माणसांवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले ज्या सर्वोच्च न्यायालयापुढे चालत, ते वसाहतीच्या आरंभीच्या काळात वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत भरत असे. दूरच्या परगण्यात एखाद्याला पकडले, तर त्याला राजधानीत आणावयाचे आणि न्यायासन भरेपर्यंत डांबून ठेवावयाचे, असा क्रम होता. तो दोषी की निर्दोष हे ठरण्यापूर्वीच त्याने थंडीचे महिने ओल्या विटांवर काढलेले असत. अन्न म्हणजे खारवलेले मांस आणि मक्याचे पीठ. जवळ पैसा असला तर शेजारच्या खाणावळीतून जेवण आणि मद्य मागविता येई, उबदार पांघरूण घेता येई. पैसा नसला तर तुरुंगातील ताप खटल्याच्या आधीच निकाल लावीत असे. कायद्याच्या पुस्तकात सारे आरोपी समान होते. कोठडीत मात्र ज्याची त्याची ऐपत ज्याच्या त्याच्याबरोबर आत येत असे.

दुसरा वर्ग ऋणकोंचा. ज्याने चोरी केली नाही, कोणाच्या अंगावर हात टाकला नाही, पण ज्याचे तंबाखूचे पीक बुडाले किंवा सावकाराने ज्याच्याकडे पाठ फिरविली, असा माणूसही या भिंतींच्या आड येई. कर्ज फेडण्यासाठी कमाई करावी लागते आणि कोठडीत कमाई होत नाही, ही साधी गोष्ट त्या काळच्या धनकोला कळत नव्हती असे नाही. ऋणकोला डांबण्यामागे वसुलीइतकाच धाकाचा हेतू होता. तिसरा वर्ग मनोरुग्णांचा. १७७३ च्या ऑक्टोबरात मनोरुग्णांसाठी विल्यम्सबर्गमध्ये सार्वजनिक रुग्णालय उघडले. उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत केवळ याच कामासाठी उभारलेले ते पहिले रुग्णालय. तोपर्यंत ज्यांना सांभाळणारे कोणी नव्हते अशा वेड्यांची जागा हाच तुरुंग होता. आरोपी, कर्जबाजारी आणि आजारी या तिघांना एका छपराखाली आणणारा दुवा गुन्ह्याचा नव्हता, निराधारपणाचा होता.

प्रवाशांना मात्र येथे सांगितली जाते ती प्रामुख्याने समुद्री चाच्यांची गोष्ट. ब्लॅकबिअर्ड या कुप्रसिद्ध चाच्याला नोव्हेंबर १७१८ मध्ये ठार मारण्यात आले आणि त्याचे साथीदार या तुरुंगात आणले गेले. पुढच्या वर्षी त्यांच्यावर खटला चालून बहुतेकांना फाशी झाली. या रोमहर्षक कथेतील एक तपशील अधिक बोलका आहे. पकडलेल्यांत पाच काळे खलाशी होते. त्यांच्यावरील खटला गोऱ्या चाच्यांप्रमाणेच चालवावा की कसे, असा प्रश्न गव्हर्नर स्पॉट्सवुड यांनी आपल्या मंडळापुढे मांडला. मंडळाने ठरविले की फरक करण्याचे कारण नाही. जी वसाहत काळ्या माणसाला मालमत्तेत मोजत होती, साक्षीत, मतदानात आणि मजुरीत त्याला गोऱ्याच्या बरोबरीने उभे राहू देत नव्हती, तिने त्याला वधस्तंभापुढे मात्र तत्परतेने समान केले.

गळ्यातील दोन अक्षरे

या इमारतीचा जो उपयोग सर्वांत कमी बोलला जातो, तो पळून गेलेल्या गुलामांना ठेवण्याचा. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येपैकी सुमारे निम्मी माणसे काळी होती आणि त्यांतील बहुतेक सर्व गुलाम होती. जे जाहीरनामे येथे लिहिले गेले, त्यांची शाई, मेणबत्ती आणि जेवण त्यांनीच टेबलावर आणून ठेवले होते. या माणसांपैकी कोणी पळाला आणि पकडला गेला, आणि त्याचा मालक कोण हे कळले नाही किंवा त्याने सांगितले नाही, तर त्याला सार्वजनिक तुरुंगात पाठविले जाई. वृत्तपत्रात त्याचे वर्णन छापले जाई. १७३६ पासून निघणाऱ्या 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये अशा जाहिराती शेकड्यांनी आढळतात: उंची किती, अंगावर वस्त्र कोणते, पाठीवर फटक्यांचे व्रण कोठे.

मालक आलाच नाही तर काय करावयाचे? याचे उत्तर १७२६ च्या कायद्याने दिले होते. तुरुंगरक्षकाने त्या माणसाला मोलाने कामाला द्यावे, आणि तो पुन्हा पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात लोखंडी कडे अडकवावे. त्या कड्यावर 'पी. जी.' अशी दोन अक्षरे ठोकलेली असावीत. 'पब्लिक जेल' या शब्दांची ती इंग्रजी आद्याक्षरे. म्हणजे मालक सापडला नाही म्हणून हा माणूस स्वतंत्र होत नव्हता. त्याची मालकी तात्पुरती शासनाकडे जात होती. गुलामगिरी हा केवळ खाजगी मळेवाल्यांचा अत्याचार होता आणि शासन फार तर डोळेझाक करीत होते, ही समजूत ही दोन अक्षरे खोटी ठरवितात. मळेवाल्याची मालमत्ता टिकविण्यासाठी शासनाने विधिमंडळ वापरले, न्यायालय वापरले आणि तुरुंग वापरला. गुलामांवरील गंभीर आरोपांसाठी १६९२ पासून ज्यूरीविना चालणारी वेगळी न्यायालये होती. आणि गुलामाला फाशी झाली तर मालकाला त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीतून मिळण्याची तरतूद १७०५ च्या कायद्यात होती. प्राण जाई तो गुलामाचा आणि नुकसानभरपाई मिळे ती मालकाला.

क्रांती झाली तेव्हा या किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या, हेही पाहण्यासारखे आहे. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी इंग्रज गव्हर्नर डन्मोर याने घोषणा केली की, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील ते मुक्त होतील. डन्मोरला गुलामांचा कळवळा नव्हता. त्याला सैनिक हवे होते. पण स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मळेवाल्यांचा संताप या घोषणेने जेवढा उसळला तेवढा कराच्या प्रश्नानेही क्वचितच उसळला असेल. १७७९ मध्ये डेट्रॉइटचा इंग्रज अधिकारी हेन्री हॅमिल्टन युद्धकैदी म्हणून विल्यम्सबर्गला आणला गेला, तेव्हा जेफर्सन व्हर्जिनियाचे गव्हर्नर होते. स्वातंत्र्याची घोषणा ज्यांच्या लेखणीतून उतरली त्यांच्याच सरकारच्या आज्ञेने हॅमिल्टनला याच तुरुंगात बेड्या घालून ठेवण्यात आले. राजाचा तुरुंग प्रजासत्ताकाचा तुरुंग झाला. भिंती, बेड्या आणि नियम तेच राहिले. सत्तांतर आणि परिवर्तन यांतील अंतर समजून घेण्यासाठी यापेक्षा साधे उदाहरण मिळणार नाही.

जतन कोणाच्या पैशाने?

राजधानी रिचमंडला गेल्यावर विल्यम्सबर्गचे महत्त्व ओसरले. तुरुंग मात्र स्थानिक तुरुंग म्हणून १९१० पर्यंत वापरात होता. पुढे ब्रूटन पॅरिशचे धर्मोपदेशक गुडविन यांनी सारे शहरच पूर्वरूपात आणण्याची कल्पना मांडली आणि तिला १९२६ च्या सुमारास धनको मिळाला: जॉन डी. रॉकफेलर, धाकटे. गावातील घरे आणि जागा एकेक करून विकत घेतल्या जात होत्या, पण पैसा कोणाचा हे १९२८ पर्यंत गावकऱ्यांना अधिकृतपणे सांगण्यात आले नव्हते. पुढे शेकडो नंतरच्या इमारती पाडण्यात आल्या आणि १९३६ मध्ये डागडुजी केलेला तुरुंग प्रवाशांसाठी उघडला.

हे रॉकफेलर कोण? स्टँडर्ड ऑइलच्या साम्राज्याचे वारस, एवढीच त्यांची ओळख पुरेशी नाही. कोलोरॅडोतील ज्या कोळसा कंपनीवर त्यांच्या कुटुंबाचे नियंत्रण होते, तिच्या खाणकामगारांनी संघटना करण्याच्या हक्कासाठी संप पुकारला होता. कंपनीच्या घरांतून हाकलून दिलेली ही कुटुंबे लडलो येथे तंबूंत राहत होती. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सशस्त्र दलाने आणि कंपनीच्या रक्षकांनी या वसाहतीवर हल्ला करून तंबू पेटवून दिले. तंबूखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले तेथेच मरण पावली. त्याच महिन्याच्या आरंभी धाकट्या रॉकफेलरांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कंपनीच्या धोरणाचे समर्थन केले होते.

याचा अर्थ विल्यम्सबर्गचे जतन हे एक ढोंग होते, असे आम्ही म्हणणार नाही. इमारती वाचल्या, त्यांचा काटेकोर अभ्यास झाला, शेकडो कारागिरांच्या कला टिकल्या. हे काम मोलाचेच आहे. प्रश्न एवढाच की, ज्या वर्गाच्या पैशाने इतिहास राखला जातो, त्या वर्गाच्या दृष्टीने तो सांगितलाही जातो. दीर्घकाळ विल्यम्सबर्गमध्ये सांगितला गेलेला इतिहास देशभक्त मळेवाल्यांचा होता: स्वच्छ रस्ते, रंगविलेली कुंपणे, सुसंस्कृत सभागृहे. शहराच्या निम्म्या लोकसंख्येला त्यात जागा नव्हती. एवढेच नव्हे, जतनाच्या या कामात जुन्या भागात राहणाऱ्या काळ्या कुटुंबांना तेथून हलून वेगळ्या वस्त्यांत जावे लागले. १७७६ मध्ये गुलाम आणि मुक्त काळ्या लोकांनी स्थापन केलेल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची १८५६ मध्ये बांधलेली इमारत १९५० च्या दशकात पाडण्यात आली आणि पुढे त्या जागेवर मोटारी उभ्या करण्यासाठी फरसबंदी झाली. जुने राखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेला हे जुने राखण्याजोगे वाटले नाही. कोणते जुने 'ऐतिहासिक' आणि कोणते नुसतेच जुने, हे ठरविण्याचा अधिकार ही एक सत्ता आहे, आणि ती निवडणुकीने मिळत नाही.

पडदा कोणी उचलला?

या परिस्थितीत बदल झाला तो आपोआप झालेला नाही. नागरी हक्कांच्या चळवळीने अमेरिकेचे जनमानस ढवळून निघाल्यावर, १९७९ मध्ये विल्यम्सबर्गमध्ये काळ्या लोकांचे जीवन मांडणारा कार्यक्रम सुरू झाला. १९९४ च्या ऑक्टोबरात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग तेथे उभा करण्यात आला, तेव्हा काळ्या समाजाच्या संघटनांनी त्याला विरोध केला. दुःखाचा तमाशा होऊ नये, ही त्यांची भीती रास्त होती. परंतु हा प्रसंग वगळून सांगितलेला इतिहास अधिक खोटा, हे म्हणणेही तितकेच खरे होते. या वादातूनच प्रामाणिकपणाकडे जाण्याची वाट निघाली. २०२० मध्ये फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या जागेवरील फरसबंदी उखडून उत्खनन सुरू झाले. खाली पहिल्या इमारतीचा पाया आणि दफने सापडली. गुलाम आणि मुक्त काळ्या मुलांसाठी १७६० ते १७७४ या काळात चाललेल्या ब्रे शाळेची इमारतही त्याच सुमारास ओळखली गेली. ही शाळा मुलांना वाचन शिकवीत होती, पण मालकाची आज्ञा पाळण्याचा धडा देण्यासाठी. तरीही ज्याला एकदा अक्षर कळले त्याला कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारा मालक फार काळ टिकत नाही.

आज ही वाट पुन्हा अडविण्याचा प्रयत्न होत आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढून, संघराज्याच्या अखत्यारीतील स्मारकांवर देशाच्या पूर्वजांना कमीपणा आणणारा मजकूर असू नये, असे बजावले. विल्यम्सबर्ग ही खाजगी न्यासाची संस्था असल्याने हा आदेश तिला थेट लागू होत नाही. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो हे अशा आदेशांवरून सर्वांनाच कळते. सत्ताधाऱ्यांना भव्य इतिहास हवा असतो, खरा नको असतो. गळ्यातील लोखंडी कडे दाखविल्याने वॉशिंग्टन लहान होत असेल, तर तो दोष कडे दाखविणाऱ्याचा कसा?

शिवाय हे कडे सर्वस्वी भूतकाळात गेले आहे काय? १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण एक अपवाद ठेवून: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील. या अपवादाच्या दारातून दक्षिणेकडील राज्यांत कैद्यांना मळेवाल्यांच्या आणि कंपन्यांच्या कामावर भाड्याने देण्याची पद्धत आली. १८७१ मध्ये व्हर्जिनियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा झालेला कैदी हा त्या काळापुरता शासनाचा गुलाम होय, असा स्पष्ट निर्वाळा दिला. 'पी. जी.' ही अक्षरे गळ्यातून निघाली आणि निकालपत्रात गेली. आज अमेरिकेत सुमारे १९ लाख माणसे तुरुंगांत आहेत. लोकसंख्येत सातवा हिस्साही नसलेले काळे लोक राज्य आणि संघराज्याच्या तुरुंगांतील कैद्यांत सुमारे एक तृतीयांश आहेत. स्थानिक तुरुंगांतील बहुसंख्य माणसांचा गुन्हा अद्याप शाबीतच झालेला नाही, आणि त्यांतील कित्येक केवळ जामिनाची रक्कम भरता न आल्याने आत आहेत. तथापि अंधारच आहे असेही नव्हे. अमेरिकेच्या इतिहासात सर्वाधिक देहदंड अमलात आणणाऱ्या याच व्हर्जिनियाने मार्च २०२१ मध्ये देहान्ताची शिक्षा रद्द केली. दक्षिणेत हे पाऊल उचलणारे ते पहिले राज्य.

आणि आपले तुरुंग?

अमेरिकेच्या गुलामगिरीशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. हा संबंध जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच जोडला आहे. त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ, नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्रांना मुक्त करावे, ही त्यामागची आशा होती. पुण्यात बसून जोतीरावांना जे दिसले ते आपल्याला दिसू नये, हे शोभणारे नाही.

आपल्याकडेही वसाहतकालीन तुरुंगांचे जतन होत आहे. अंदमानचा सेल्युलर जेल १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला. गोव्यातील आग्वादचा तुरुंग २०१५ पर्यंत वापरात होता. २०२१ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांच्यासारख्या नेत्यांना पोर्तुगीजांनी दीर्घ मुदतीच्या शिक्षा ठोठावल्या, तेव्हा गोव्याचे तुरुंग आपल्या चळवळीच्या इतिहासाचा भाग झाले. ही स्थळे राखली गेली पाहिजेत याविषयी दुमत नाही. मात्र तेथे वीरांच्या नावांबरोबर, ज्यांचे नाव कोठेही नोंदले गेले नाही अशा साध्या कैद्यांनाही जागा मिळाली पाहिजे. स्वातंत्र्यसैनिकाच्या शेजारच्या कोठडीत भाकरी चोरणारा होता, सारा न भरलेला शेतकरी होता, जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या जमातीतला माणूस होता. तोही परकी सत्तेचाच कैदी होता.

येरवड्याची गोष्ट तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. १८७१ मध्ये बांधलेल्या या तुरुंगात गांधीजी होते. १९३२ चा पुणे करार येथेच झाला. आणीबाणीत परकी सरकार नव्हते, तरी समाजवादी कार्यकर्ते याच भिंतींच्या आड गेले. व्हर्जिनियात जे १७७९ मध्ये घडले त्याचा अनुभव आपण १९७५ मध्ये घेतला: राज्यकर्ते बदलले तरी कोठडी आपली जागा सोडीत नाही. २६ जानेवारी २०२१ पासून येरवड्यात तुरुंग-पर्यटन सुरू झाले. विद्यार्थ्यांनी हा इतिहास पाहावा, हे योग्यच. परंतु येरवडा हे संग्रहालय नाही. तेथे आजही हजारो माणसे बंद आहेत. एका भिंतीपलीकडे इतिहासाची पाटी आणि अलीकडे खटल्याच्या तारखेची वाट पाहणारा माणूस, अशी ही स्थिती आहे.

त्या वाट पाहणाऱ्याविषयी आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. शंभर माणसांच्या जागेत सरासरी १३१ माणसे होती. कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय होते. विल्यम्सबर्गचा तुरुंग ही शिक्षेपूर्वीच्या प्रतीक्षेची जागा होती, असे आपण म्हटले. आपला तुरुंग आज मुख्यतः काय आहे? अठराव्या शतकातील व्हर्जिनियाचा कैदी निदान पुढच्या एप्रिलची किंवा ऑक्टोबरची वाट पाहू शकत होता. आपल्या कच्च्या कैद्याला पुढच्या तारखेला गाडी मिळेल की नाही, पोलीस बरोबर येतील की नाही, याचीही शाश्वती नसते.

कायदे नाहीत असे नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, त्वरित सुनावणी हा जीवित आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे असते, आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. मात्र देहान्त किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. आणि आरोपीवर एकाहून अधिक खटले असतील तर हे दार बंद होते. गरीब माणसावर एकाच प्रकरणातून दोन-तीन गुन्हे नोंदविणे किती सोपे असते, हे वस्तीत काम करणाऱ्याला सांगावयास नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत जातीनुसार काम वाटण्याच्या तरतुदी होत्या. झाडण्याचे काम कोणी करावयाचे आणि स्वयंपाक कोणी, हे जन्मावरून ठरत होते. त्या तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी आणि तेही न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सारे आले. गळ्यात कडे नव्हते, पण त्यावरची अक्षरे नियमावलीत शाबूत होती.

ज्या देशात जुने तुरुंग राखण्यासाठी निधी मिळतो, त्या देशात चालू तुरुंगांतील माणसाला वकील मिळू नये, ही विसंगती नुसते लेख लिहून दूर होणार नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, ४७९ व्या कलमाखाली किती कच्चे कैदी पात्र होते आणि त्यांपैकी किती सुटले याचा हिशेब माहितीच्या अधिकाराखाली मागावा, जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार नसल्याने आत राहिलेल्यांची यादी करावी. जामीनदार उभा करणे ही सभेइतकी गाजणारी गोष्ट नाही. पण एखाद्या कुटुंबाचा कर्ता घरी येणे हे कोणत्याही ठरावापेक्षा मोठे काम आहे.

विल्यम्सबर्गच्या तुरुंगातील शेवटचा कैदी बाहेर पडला त्याला ११५ वर्षांहून अधिक काळ लोटला. आता तेथे केवळ विटा आणि बेड्या आहेत, म्हणून तेथे जाऊन हळहळणे सोपे आहे. आपल्या तुरुंगांत अद्याप माणसे आहेत. त्यांच्यासाठी हळहळीची गरज नाही, तारीख आणि वकील यांची आहे. पुढच्या पिढ्या आपले तुरुंग जतन करतील तेव्हा कोठडीच्या भिंतीवर काय लिहावयाचे, हे त्या ठरवतील. ते लिहिण्याची वेळ कोणत्या गोष्टींमुळे यावी, हे मात्र आज आपल्या हाती आहे.